बागुलबुवा आधी आपल्या तोंडातून गेला पाहिजे

भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, दारावर पंचशील ध्वज, आणि त्याच खोलीत रात्री दहा वाजता आवाज येतो, “झोपतोस की बोलावू बागुलबुवाला?” लेकरू डोळे मिटून पडते. आईला वाटते, झोपले. पण ते झोपलेले नसते, कान देऊन पडलेले असते. पत्र्यावरून मांजर गेले तरी त्याच्या छातीत धस्स होते. तासाभराने ते आईला हलवते, पाणी मागते, शू आली म्हणते, रडते. दिवसभर राबून आलेली आई वैतागते आणि पाठीत एक धपाटा बसतो. अशी रात्र आपल्या वस्तीत एखाद्या घरातली नाही, घरोघरची आहे.

मुलांच्या रात्रीच्या भीतीला आपण आजार समजत नाही, ते बरोबरच आहे. पण आजार नाही म्हणून तिकडे काणाडोळाही करून चालत नाही. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. भीतीने अर्धी रात्र जागलेले मूल दुसऱ्या दिवशी किरकिर करते, अंगणवाडीत किंवा शाळेत पेंगते, धड जेवत नाही. मग आपण म्हणतो, पोराचे अभ्यासात लक्ष नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. अंधाराची भीती वयाबरोबर येते आणि वयाबरोबर जाते. पण त्या भीतीला नाव, रूप आणि पत्ता देण्याचे काम मोठी माणसे करतात. म्हणून उपायाची सुरुवात मुलापासून नको, मोठ्यांच्या तोंडापासून करायला हवी. आणि दुसरी गोष्ट, “भूत नसते, गप झोप” एवढे बोलून काम भागत नाही. भूत नाही हे मुलाला स्वतः पाहू द्यावे लागते.

ही भीती कोणत्या वयाची?

आठ-दहा महिन्यांचे बाळ अनोळखी माणसाला पाहून रडते, आई दिसेनाशी झाली की कासावीस होते. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान अंधार, भूत, राक्षस, पलंगाखालचा कोणीतरी, ही भीती येते. सात-आठ वर्षांनंतर ती हळूहळू बदलते. मग चोर, आग, आई-बापाचे मरण, शाळेतला मार, अशा खऱ्या जगातल्या गोष्टींची भीती वाटू लागते.

तीन ते सहा वर्षांचे मूल मनात चित्र रंगवायला शिकलेले असते. काठीचा घोडा करते, खोट्या चुलीवर खोटा चहा करून आपल्याला पाजते. पण मनातले काय आणि खोलीतले काय, यातली रेघ त्याला अजून पक्की ओढता येत नाही. दिवसा हीच कल्पनाशक्ती खेळ होते, रात्री तीच भूत होते. अंधारात डोळ्यांना काही दिसत नाही, मग मन उरलेले चित्र स्वतः भरते. खुंटीवरचा शर्ट माणूस होतो, कोपऱ्यातली घागर डोके होते.

म्हणजे घाबरणारे मूल भित्रे नाही, कमकुवत नाही, आणि त्याला ‘बाहेरचे’ काही लागलेले नाही. त्याची बुद्धी वाढते आहे, याची ती खूण आहे. हे आई-बापाच्या मनात पक्के बसले की निम्मे काम झाले.

भीतीचा कारखाना घरातच

आता आपल्याकडे पाहू. जेव म्हणून बागुलबुवा, झोप म्हणून हडळ, बाहेर जाऊ नको म्हणून पोलीस, रडू नको म्हणून सुई टोचणारा डॉक्टर, हट्ट करू नको म्हणून झोळीवाला बाबा. घाईच्या वेळी हा सोपा उपाय वाटतो, कारण मूल ताबडतोब ऐकते. पण प्रत्येक धाकाचे बिल नंतर येते.

डॉक्टरचा धाक घातलेले मूल ताप आल्यावर दवाखान्याच्या दारातच आकांत करते. घसा दाखवत नाही, लस घेऊ देत नाही. पोलिसाचा धाक घातलेले मूल जत्रेत किंवा दीक्षाभूमी-चैत्यभूमीच्या गर्दीत हरवले तर ज्याच्याकडे जायला हवे, त्याच खाकी वर्दीपासून लांब पळते.

झोळीवाल्याचा धाक तर आणखी लांब जातो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, पोरे पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती भटकी माणसे होती. अफवा मोबाईलवरून पसरली हे खरे. पण फाटक्या कपड्यातला, झोळी घेतलेला अनोळखी माणूस म्हणजे पोरे पळवणारा, हे मनात आधीपासून पेरलेले नसेल तर अफवेला इतक्या लवकर कोंब फुटणार नाही, असे मला वाटते. ते पेरण्याचे काम आपण झोपवण्याच्या वेळी करतो. गरिबाला, भटक्याला, वेड्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बाईला आपणच आपल्या लेकरांसमोर राक्षस करतो.

भुतांची नावेही एकदा नीट ऐकावीत. हडळ कोण, तर बाळंतपणात मेलेली बाई. ज्या बाईला वेळेवर दवाखाना मिळाला नाही, तिला मेल्यावरही आपण भूत करून ठेवले. मुंजा कोण, तर मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा, आणि त्याचे घर कुठे, तर पिंपळावर. ज्या झाडाखाली सिद्धार्थाला बोधी मिळाली, ज्याचे रोप आपण विहारासमोर मानाने लावतो, त्याच झाडाखालून जाताना आपले लेकरू जीव मुठीत धरून पळते. हा विरोधाभास आपल्या लक्षात येऊ नये?

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, दैवी चमत्कारावर, म्हणजे कार्यकारणाच्या बाहेरच्या शक्तीवर विश्वास ठेवणे हा धम्म नव्हे, असे स्पष्ट मांडले आहे. हा ग्रंथ आपल्या फळीवर असतो. रात्री दहा वाजता तो फळीवरून खाली उतरला पाहिजे.

“आम्ही नाही का भ्यायलो?”

यावर घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, आम्हीही असेच वाढलो, आमचे काय बिघडले? आजी-आजोबांचा मान ठेवूनच उत्तर द्यायला हवे. बिघडले का नाही, हे मोजले कोणी? आजही अनेक मोठी माणसे अमावास्येला रात्री एकटी संडासाला जात नाहीत, आजारी पोराला दवाखान्याआधी देवरुषाकडे नेतात. ते कुठून आले?

दुसरे म्हणणे असे की थोडा धाक पाहिजे, नाहीतर पोरे डोक्यावर बसतात. शिस्त हवीच. पण ‘नऊ वाजता दिवा बंद’ हा नियम झाला आणि ‘नाहीतर हडळ येईल’ ही खोटी धमकी झाली. नियम पाळायला शिकलेले मूल आई घरी नसतानाही पाळते. धमकीने झोपणारे मूल ज्या दिवशी हडळ खोटी हे ओळखते, त्या दिवशी आईचा शब्दही खोटा ठरवते.

तिसरे, गोष्टी सांगूच नयेत का? जरूर सांगाव्यात. दिवसा, उजेडात, सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना भुताच्या गोष्टीची गंमतही वाटते. ‘झपाटलेला’ या १९९३ च्या चित्रपटातला तात्या विंचू आठवा. तो बाहुला रामदास पाध्ये चालवत होते, हे कळले की मुलांना त्याची भीती कमी आणि कौतुक जास्त वाटते. पण चार वर्षांच्या पोराला अंथरुणावर घेऊन भुताची मालिका पाहणे, किंवा रडू नये म्हणून मोबाईल हातात देऊन त्यात काय चालले आहे ते न पाहणे, ही गंमत नाही.

दोन चुकीची औषधे

मूल घाबरले की आपण दोन टोकांचे उपाय करतो.

पहिला उपाय ताईत, काळा दोरा, अंगारा, मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढणे. थोडा वेळ मूल शांत होते, कारण आई जवळ बसली, हात फिरवला. पण दोरा मुलाला काय सांगतो? भूत आहे, म्हणून तर दोरा आहे. दोरा तुटला की भीती दुप्पट. परदेशात काही आई-बाप राक्षस पळवायचा फवारा म्हणून बाटलीत पाणी भरून खोलीभर उडवतात. तो याचाच गोरा भाऊ. एक गोष्ट आपल्यातही स्पष्ट बोलली पाहिजे. विहारात परित्राणपाठानंतर मिळालेला पांढरा धागा “याने भूत येत नाही” असे सांगून बांधला, तर त्याचाही ताईतच होतो. झोपण्याआधी सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणावे, आवाज एकत्र लागला की मन शांत होते. पण ते भूत पळवायचा मंत्र म्हणून शिकवू नये. तो मैत्रीचा आणि शीलाचा पाठ आहे, तसाच राहू द्यावा.

दुसरा उपाय आपण विज्ञाननिष्ठ आहोत म्हणून करतो. “आपण बौद्ध आहोत, आपल्यात भूत-बित नसते, गप पड.” किंवा “मुलगा असून घाबरतोस?” विचार बरोबर, पण वागणे चूक. मुलाची छाती धडधडत असते, ती खोटी नसते. त्याला कळते ते इतकेच, की माझ्या भीतीवर इथे हसतात. मग ते भीती सांगायचे बंद होते. घाबरायचे बंद होत नाही.

मज्झिम निकायात चौथे सुत्त आहे, भयभेरव सुत्त. त्यात तथागत स्वतःच्या बोधीपूर्वीच्या दिवसांची हकीकत सांगतात. लोक ज्या जागांना भितात, तिथे ते रात्री मुद्दाम राहात. एखादे हरिण जवळ येई, मोर काटकी मोडी, वाऱ्याने पालापाचोळा सळसळे आणि मनात येई, हीच ती भीती आली. तेव्हा चालत असतील तर चालता चालता, बसले असतील तर बसल्या जागी, ती भीती शमेपर्यंत ते तसेच राहात. पळत नसत.

यात आपल्या कामाचे बरेच आहे. भीती सिद्धार्थालाही वाटली, आणि ती वाटली हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि आवाज होता तो हरणाचा, मोराचा, पाल्याचा. आपण वंदनेत रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे ये आणि पाहा. घाबरलेल्या लेकराला हेच म्हणायचे, ये, आपण दोघे पाहू.

दहा बाय दहाच्या खोलीत काय करावे?

पुस्तकांतला सल्ला पुष्कळदा वेगळी खोली, वेगळा पलंग असलेल्या घरांसाठी असतो. आपली खोली एकच, आणि त्यात एक सोयही आहे, मूल एकटे नसते. हाताला आईचा, आजीचा, ताईचा हात लागतो. ही मोठी गोष्ट आहे. त्यावर पुढचे उपाय बसवावेत.

आधी ऐकून घ्या. “काय दिसले? कुठे? कसा आवाज आला?” हसू नका, आणि भुताचे वर्णन वाढेल असे प्रश्नही विचारू नका. “तुला भीती वाटली होय, मी इथेच आहे,” इतके म्हणून हात धरा.

मग पाहा. बॅटरी घेऊन मुलासोबत तो कोपरा पाहा. शर्टावर उजेड टाका, बाजूला करा, पुन्हा टाका. दुसऱ्या रात्रीपासून तो शर्ट खुंटीवर न ठेवता घडी करून ठेवा. हे रोज रात्री दहा-दहा वेळा करायचे नाही, नाहीतर भूत शोधण्याचाच नाद लागेल. एकदा पाहिले, झाले.

आवाज दिवसा ओळखायला शिकवा. उन्हात तापलेला पत्रा रात्री गार होताना आकसतो आणि कडकड वाजतो. उंदीर पिशवी कुरतडतो, नळाचे पाणी डब्यात ठिबकते, शेजारची कडी वाजते. संध्याकाळी दिवा असताना डोळे मिटून ‘आवाज कशाचा’ हा खेळ पाच मिनिटे खेळा. रात्री तोच आवाज आला की मूल स्वतः म्हणेल, पत्रा वाजला.

अंधाराची ओळख थोडी थोडी करा. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या तीन वर्षांच्या आतल्या मुलाची हकीकत लिहिली. पीटर आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, आणि तो रडत नाही असे पाहून दररोज थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाशी खेळू लागला. अंधाराचेही असेच करावे. आज दिवा घालवून एक गाणे होईपर्यंत हात धरून बसायचे, दोन दिवसांनी दोन गाणी, मग हात सोडून शेजारी. चादरीआड बॅटरी लावून भिंतीवर हातांच्या सावल्यांचा ससा आणि कुत्रा करावा, अंधारातही हसता येते हे मुलाला कळते. एकदम अंधारात कोंडून ‘भीती मोडणे’ हा मात्र छळ आहे. त्याने भीती मोडत नाही, मुरते.

जुन्या लुगड्याची बाहुली किंवा कुत्रा शिवून द्या. २००६ च्या युद्धात घर सोडून छावणीत आलेल्या इस्रायलमधल्या लहान मुलांना तिथल्या संशोधकांनी कापडी कुत्रा दिला आणि सांगितले, हा उदास आहे, याला तुझ्या आधाराची गरज आहे, याची काळजी घेशील का? ज्या मुलांनी ते मनावर घेतले, त्यांचा त्रास कमी झाला. पुढे रात्री घाबरणाऱ्या ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीही ही युक्ती वापरली गेली आणि उपयोगी पडली. इथे बाहुली राखण करणारी नाही, हे लक्षात ठेवा. राखण करणारी बाहुली म्हणजे पुन्हा ताईतच. इथे मूल बाहुलीची राखण करते. दुसऱ्याला धीर देताना स्वतःला धीर येतो, हे मोठ्यांनाही ठाऊक आहे.

झोपेचा क्रम रोज एकच ठेवा. जेवण, शू, हातपाय धुणे, वंदना, एक साधी गोष्ट, दिवा बंद. झोपण्याआधी तासभर मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवता आला तर उत्तम. एका खोलीत सगळ्यांचे जमणे अवघड, हे मान्य. निदान भुताचे, खुनाचे कार्यक्रम मुले जागी असताना नकोत. दाराजवळ झिरोचा बल्ब लावावा, त्याचा उजेड डोळ्यावर येऊ नये.

रात्रीच्या संडासाचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. सार्वजनिक संडास गल्लीच्या टोकाला, दिवा बंद, कुत्री मोकाट. तिथे जायला मूल घाबरते ते बागुलबुवामुळे नाही, शहाणपणामुळे. मोठ्या माणसाने सोबत जावे, किंवा रात्रीपुरता मोरीत झाकणाचा डबा ठेवावा. अंथरूण ओले झाले तर मारू नये, चारचौघांत लाजवू नये. पाच वर्षांपर्यंत, आणि काहींचे त्यानंतरही काही वर्षे, रात्री अंथरूण ओले होते. ते आळसाने होत नाही. आणि संडासाजवळचा दिवा लावून घेणे हे वस्तीच्या मंडळाचे काम आहे, तो अर्ज आजच द्यावा.

शेवटची गोष्ट पहाटे कामावर जाणाऱ्या आयांसाठी. झाडलोट, कागद-काच-पत्रा, घरकाम, भाजी मार्केट, कुठलेही काम असो, मूल झोपेत असताना गुपचूप निघून जाऊ नका. आदल्या रात्री सांगा, “पहाटे मी जाणार, तू उठशील तेव्हा आजी असेल, दुपारी मी येईन.” मूल रडेल, रडू द्या. न सांगता गेलेल्या आईची भीती रात्रभर जागवते. सांगून गेलेली आई परत येते, हे दोन-चार दिवसांत मुलाला कळते.

बागुलबुवा नसतो तेव्हा

काही वेळा रात्रीचे घाबरणे वेगळे असते. ते ओळखता आले पाहिजे.

झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल एकदम उठून किंचाळते, डोळे उघडे, घामाघूम, आईलाही ओळखत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप शांत झोपते. सकाळी विचारले तर काही आठवत नाही. हे बाधेचे लक्षण नाही. याला झोपेतला घाबरा म्हणता येईल. जागरण, दमणूक, ताप यांनी तो वाढतो. हलवून जागे करू नका, तोंडावर पाणी मारू नका. पडणार नाही, लागणार नाही एवढे पाहा. पहाटेकडे वाईट स्वप्नाने उठलेल्या मुलाला मात्र सारे आठवते. त्याला जवळ घ्या, बोलू द्या.

झोपेत तोंडाची एक बाजू ओढली जाणे, लाळ गळणे, घशातून आवाज येऊन बोलता न येणे, हातपाय झटके देणे किंवा ताठ होणे, आणि हे प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने होणे, ही फिट असू शकते. मुलाला कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करा. जमल्यास मोबाईलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. फिटेवर औषध आहे. जे मूल रोज घोरते, तोंड उघडे ठेवून श्वास घेते, त्याचेही नाक-घसा दाखवून घ्यावा.

अशा मुलाला भगताकडे नेणे म्हणजे औषधाचे दिवस वाया घालवणे, आणि पुष्कळदा मुलाचे हाल. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेची शिक्षा आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. काही मुलांचा राक्षस खरा असतो. दारू पिऊन येणारा, आईला मारणारा बाप असतो. किंवा घरात येणारा-जाणारा असा कोणी, जो एकट्या मुलाच्या अंगाला नको तिथे हात लावतो. त्या मुलाला ते सांगायला शब्द नसतात. ते म्हणते, रात्री भूत येते. आधी नीट झोपणारे मूल अचानक घाबरू लागले, एखाद्या ठरावीक माणसाजवळ जायला नको म्हणू लागले, कपडे काढू देईना, तर तिथे बॅटरी खोलीच्या कोपऱ्यावर नाही, आपल्या नात्यागोत्यावर टाकायला हवी. मुलाला रागवू नका, त्याच्यावर विश्वास ठेवा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाईन दिवसरात्र चालू असते. भीती, रडणे, न झोपणे हे महिनाभर हटत नसेल तर आशाताईंशी, अंगणवाडीताईंशी बोला, सरकारी दवाखान्यात दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या त्रासाबद्दल फुकट सल्ला मिळतो.

ज्या मुलाच्या खोट्या भुतावर आपण हसलो नाही, तेच मूल उद्या खरी गोष्ट आपल्याला सांगेल. रोजच्या रात्रीची ती पाच मिनिटे आपण यासाठी खर्च करायची.

विहारापासून सुरुवात

भीती घालून माणसाला त्याच्या जागी बसवता येते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक असेल? गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला तेच शिकवले गेले. इथे जाऊ नको, त्याला शिवू नको, वर पाहू नको. त्या धाकातून बाहेर येण्यासाठी आपल्या आजी-आजोबांनी १९५६ साली धम्म घेतला. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आपणच पुन्हा धाकाने झोपवायचे, हे शोभत नाही.

म्हणून एक सूचना. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाने अर्धा तास हाच विषय घ्यावा. प्रत्येकीने सांगावे, आपल्या घरात मुलाला कोणाच्या नावाने भिववतात. ती नावे फळ्यावर लिहावीत आणि महिनाभर त्यातले एकही घरात उच्चारायचे नाही, असे सर्वांनी ठरवावे. आजोबांनाही यात घ्यावे, कारण हडळीच्या गोष्टी त्यांच्याकडेच जास्त असतात. मोठ्या मुलांनी लहानांना सावल्यांचा खेळ शिकवावा, आणि जाता जाता सर्व मुलांना पिंपळाखाली नेऊन बसवावे. संध्याकाळची वेळ असावी. पाने सळसळतील. मुलांना विचारावे, आवाज कशाचा?

जयभीम.